बाबांचा थिंकपॅड, जुन्या फॉन्टमधले लेख आणि घरातलं वाय-फाय

नाशिकहून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचे वडील निवृत्त शिक्षक, वय ७४. त्यांनी २००५ साली आयबीएमचा थिंकपॅड टी-४२ हा लॅपटॉप घेतला. पुढची सात-आठ वर्षं त्यावर लेख लिहिले, शाळेच्या नाटकांच्या संहिता टाइप केल्या, एका दिवाळी अंकाची पानं पेजमेकर या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये लावली. मराठी टायपिंगसाठी ते श्रीलिपी हे सॉफ्टवेअर वापरायचे. पुढे घरात मोबाइल आले आणि लॅपटॉप कपाटात गेला. आई गेल्यापासून बाबांचं लिहिणं थांबलं होतं. यंदा त्यांना आठवणी लिहायच्या आहेत, आणि त्या याच लॅपटॉपवर. ताईंनी तो चालू केला. विंडोज एक्सपी उघडलं, पण घरातल्या वाय-फायला तो जोडला जाईना. केबल लावली तर नेट आलं, मात्र बहुतेक संकेतस्थळं सुरक्षिततेचा इशारा देऊन अडली. एका दुकानदाराने ‘फॉरमॅट मारून विंडोज १० टाकून देतो’ म्हणून सांगितलं, दुसऱ्याने भंगारात द्यायला सांगितलं. भावाला नवा लॅपटॉप घ्यायचा आहे. बाबा म्हणतात, “मला हाच पाहिजे.” ताई विचारतात: ‘हा ऑनलाइन आला तर बाबांना त्यावर पेपर वाचता येतील, मेल पाठवता येतील, कीर्तनं ऐकता येतील. तो आजच्या काळात चालता कसा करू? की त्यांचा हट्ट मोडून नवाच घेऊ?’

ताई,

सगळ्यात आधी एक विनंती. हा लॅपटॉप कुठल्याही दुकानात देण्याआधी त्यातली डिस्क तुमच्या ताब्यात असू द्या, आणि ‘फॉरमॅट’ला तूर्त स्पष्ट नाही म्हणा. बाबांच्या सात-आठ वर्षांच्या लिखाणाची ती कदाचित एकमेव प्रत आहे. पत्रात तुम्ही लॅपटॉपबद्दल, वाय-फायबद्दल, भावाबद्दल लिहिलंत; त्या फाइलींची दुसरी प्रत कुठे आहे का, याचा उल्लेख मात्र नाही. बाकी सगळं महिनाभर थांबू शकतं. ही गोष्ट नाही.

विंडोज १० चं आश्वासन तर विसरूनच जा. टी-४२ मध्ये पेंटियम एम हा ३२-बिट प्रोसेसर असतो. विंडोज ८ पासून पुढच्या विंडोजला प्रोसेसरमध्ये एनएक्स नावाची एक सुरक्षेची सोय लागतेच, आणि टी-४२ मधल्या पेंटियम एममध्ये ती नाही. म्हणजे विंडोज १० तिथे बसणारच नाही. डिस्क पुसली जाईल आणि मग ‘मशीनच जुनं आहे हो’ असं ऐकावं लागेल. शिवाय विंडोज १० चा नेहमीचा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवलाच आहे.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुम्ही ‘ऑनलाइन’ आणि ‘चालता’ हे शब्द एकाच अर्थाने वापरले आहेत. पत्र पुन्हा वाचून पाहा: बाबांनी इंटरनेट मागितलेलं नाही. त्यांना लिहायचं आहे. पेपर, मेल आणि कीर्तनं ही तुम्ही त्यांच्यासाठी केलेली यादी आहे. ती मायेपोटी केलेली आहे, हे दिसतंच. पण त्या यादीतली प्रत्येक गोष्ट त्यांच्या खिशातला फोन आजही करतो. लॅपटॉपने जे करावं असं त्यांना वाटतं ते तो बहुधा आत्ताही, या क्षणी करू शकतो.

आणि ‘हट्ट’ म्हणण्याआधी त्यांच्या शेजारी अर्धा तास बसा. त्यांना टाइप करू द्या. टी-४२ चा कीबोर्ड पूर्ण मापाचा आहे, कळा खोल दाबल्या जातात. पडद्याच्या वरच्या कडेला कळांवर उजेड पाडणारा छोटा दिवा आहे. पडदा आजच्यासारखा रुंद नाही, चौकोनीकडे झुकणारा आहे. कागदाच्या पानाच्या सवयीच्या माणसाला तो बरा वाटतो, अक्षरंही मोठी दिसतात. बाबांची बोटं कुठल्या पद्धतीने मराठी टाइप करतात तेही पाहा: टाइपरायटरची मांडणी, इनस्क्रिप्ट (सरकारी प्रमाण मांडणी) की रोमन अक्षरांतून उच्चारानुसार? चौऱ्याहत्तराव्या वर्षी ही सवय बदलायला लावणं म्हणजे लिहायला बसण्याआधीच त्यांना दमवणं. भाऊ जो नवा लॅपटॉप आणेल त्यात यातलं काहीही आपोआप मिळणार नाही. बाबांच्या ‘हाच पाहिजे’मध्ये आईच्या वेळचं घरही असेल. ते त्यांनी बोलून दाखवलं तर ऐका, नाही बोलले तर खोदून विचारू नका.

कामाला लागताना पहिली काळजी विजेची. कपाटात दहा-बारा वर्षं पडलेली बॅटरी बाहेर काढून सपाट टेबलावर ठेवा. जरा जरी फुगलेली दिसली तर ती परत लावू नका आणि घरच्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्रात द्या. लॅपटॉप नुसत्या अडॅप्टरवर व्यवस्थित चालतो. अडॅप्टर १६ व्होल्टचा लागतो. लेनोव्होचे नंतरचे अडॅप्टर २० व्होल्टचे आहेत, त्यांची पिनही वेगळी आहे. कुणी पिन बदलून २० व्होल्टचा देऊ लागला तर घेऊ नका. चालू करताना १६१ किंवा १६३ असे आकडे दिसले तर घाबरू नका. आतली नाण्याएवढी सीआर २०३२ बॅटरी संपली आहे आणि घड्याळ मागे गेलं आहे, एवढाच त्याचा अर्थ. ही किरकोळ गोष्ट वाटते, पण तुमच्या अर्ध्या इशाऱ्यांचं मूळ तिथेच असू शकतं. त्याबद्दल पुढे सांगतो.

मग डिस्क. टी-४२ ची डिस्क काढणं सोपं आहे: खालचा एक स्क्रू काढला की ती बाजूने सरकून बाहेर येते. ती जुन्या आयडीई पद्धतीची, अडीच इंची आहे. आयडीई ते यूएसबी असा जोड काहीशे रुपयांत मिळतो. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा ऑनलाइन. तो लावून डिस्क भावाच्या कॉम्प्युटरला जोडा आणि सगळं, म्हणजे खरोखर सगळं, उतरवून घ्या. नुसतं ‘माय डॉक्युमेंट्स’ पुरणार नाही. सी ड्राइव्हमधल्या विंडोजच्या आतलं ‘फॉन्ट्स’ हे फोल्डर आठवणीने घ्या. शक्य असेल तर पूर्ण डिस्कची इमेज, म्हणजे जशीच्या तशी एका फाइलमधली प्रत, करा. लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरता येणारी मोफत प्रणाली) डीडीरेस्क्यू हे साधन त्यासाठीच आहे आणि डिस्कचा एखादा भाग वाचता आला नाही तरी ते बाकीचं वाचवत पुढे जातं. डिस्क ‘टक टक’ असा आवाज करू लागली तर तिथेच थांबा आणि डेटा परत मिळवून देणाऱ्या जाणत्या माणसाकडे जा. प्रत दोन ठिकाणी ठेवा, एक घराबाहेर. आणि त्या फाइली नव्या कॉम्प्युटरवर अँटिव्हायरसने तपासून घ्या. एक्सपीच्या काळात पेन ड्राइव्हमधून फिरणारे व्हायरस घरोघरी होते.

फॉन्टचं फोल्डर एवढ्या आग्रहाने का घ्यायला सांगितलं? कारण बाबांचे लेख युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, नसण्याचीच शक्यता जास्त. त्या काळच्या श्रीलिपी, आकृती, कृतीदेव अशा फॉन्टमध्ये मराठी अक्षरांचे आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असायचे. ती फाइल तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की पानभर अर्थहीन रोमन अक्षरं दिसतात. माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत ‘बाबांच्या, काकांच्या फाइली खराब झाल्या’ असं अनेक जण कळवतात आणि मग त्या पुसून टाकतात. ते वाचून फार वाईट वाटतं, कारण त्या बहुतेक वेळा शाबूत असतात; फक्त फॉन्ट नसतो. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत. पण प्रत्येक फॉन्टची मांडणी वेगळी, त्यामुळे फॉन्टचं नेमकं नाव लिहून ठेवा. बदललेला मजकूर एकदा डोळ्यांखालून घाला. रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरं इथे चुका होतात. मूळ फाइल बदलू नका, बदललेली प्रत वेगळी ठेवा. जमल्यास एक्सपी चालू आहे तोवरच महत्त्वाच्या लेखांची पीडीएफ करून घ्या, म्हणजे मूळ मजकूर कसा दिसत होता ते कायम तपासता येईल. दिवाळी अंकाच्या पेजमेकर फाइली लिबरऑफिस हे मोफत सॉफ्टवेअर काही प्रमाणात उघडतं. पानाची रचना विस्कटेल, मजकूर बराचसा हाती येईल.

अजून एक. काही मराठी सॉफ्टवेअर डोंगल, म्हणजे परवान्याची किल्लीवजा छोटी वस्तू, लावल्याशिवाय चालत नसत, आणि ती डोंगलं अनेकदा प्रिंटरच्या रुंद समांतर पोर्टला लागायची. आजच्या लॅपटॉपला तो पोर्ट नसतो. टी-४२ ला मागे आहे. कपाटात, जुन्या वायरींच्या पिशवीत तशी काही वस्तू सापडली तर जपून ठेवा. बाबांच्या आवडीचं सॉफ्टवेअर फक्त याच मशीनवर चालेल असं निघालं, तर हा लॅपटॉप ठेवण्याचं त्याहून मोठं कारण मला सांगता येणार नाही.

आता ते इशारे आणि वाय-फाय. इथे काय बिघडलंय हे कळलं की निर्णय सोपा होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

वाय-फायची अडचण बहुधा राउटरच्या बाजूला आहे. त्या काळच्या थिंकपॅडमधली बरीचशी वाय-फाय कार्डं फक्त २.४ गिगाहर्ट्झवर बोलतात; ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क त्यांना दिसतही नाही. राउटर दोन्ही एकाच नावाने दाखवत असेल तर २.४ चं नाव वेगळं करून पाहा. दुसरं, सुरक्षेची पद्धत. राउटर फक्त डब्ल्यूपीए-३ वर असेल तर हे कार्ड जोडलं जाणार नाही. डब्ल्यूपीए-२ ठेवावं लागेल. एक्सपीला डब्ल्यूपीए-२ नीट समजतं ते सर्व्हिस पॅक ३ या सुधारणा-संचापासून. आणि कृपा करून कुणाच्या सांगण्यावरून राउटर जुन्या डब्ल्यूईपीवर आणू नका, एका मशीनसाठी सगळ्या घराचं दार उघडं पडेल. मोबाइलचा हॉटस्पॉट २.४ वर लावूनही हे तपासता येतं. कार्डच बदलावं म्हणाल, तर त्या काळच्या थिंकपॅडचा बायोस (मशीन सुरू करणारा आतला प्रोग्राम) अनोळखी कार्ड लावल्यावर १८०२ हा दोष दाखवून सुरूच होत नाही. त्यापेक्षा केबल बरी.

केबलवर नेट आलं तरी संकेतस्थळं अडतात, त्याची कारणं तीन. घड्याळ मागे असेल तर संकेतस्थळांची ओळख पटवणारी आजची सगळी प्रमाणपत्रं मशीनला ‘अजून लागू न झालेली’ वाटतात. तारीख दुरुस्त केली की एवढा भाग सुटतो. दुसरं कारण, सुरक्षित जोडणीच्या टीएलएस या पद्धतीची जी आवृत्ती लागते ती. एक्सपीतलं इंटरनेट एक्स्प्लोरर ८ हे टीएलएस १.० वर थांबतं आणि आजच्या बहुतेक संकेतस्थळांना किमान १.२ लागते. तिसरं, विश्वासाची मूळ प्रमाणपत्रं, ज्यांच्या आधारे बाकीची तपासली जातात. लेट्स एन्क्रिप्ट या मोफत प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थेची प्रमाणपत्रं वापरणारी असंख्य संकेतस्थळं जुन्या मशीनवर ज्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारे चालत होती, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ ला संपली. नवीन मूळ प्रमाणपत्र एक्सपीकडे आपणहून येत नाही.

फायरफॉक्सची ५२ ही एक्सपीवरची शेवटची आवृत्ती घातली तर यातलं बरंच काही उघडू लागेल. दुकानदार कदाचित हेच करून देतील आणि ‘झालं बघा ऑनलाइन’ म्हणतील. तिथे मात्र मी तुम्हाला अडवेन. एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, त्या फायरफॉक्सचे सुरक्षा सुधार २०१८ मध्ये. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तेव्हा मायक्रोसॉफ्टने एक्सपीसाठीही तातडीची दुरुस्ती दिली, पण ते अपवादाने. पान उघडतं म्हणजे ते मशीन आजच्या इंटरनेटवर फिरायला सुरक्षित आहे असं नाही. निवृत्तिवेतनाचं खातं, मेलचा पासवर्ड, आधार यांपैकी काहीही एक्सपीवर टाइप होऊ नये असं मला अगदी ठामपणे वाटतं. वेबवनसारखा मध्यस्थ प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालवून जुन्या ब्राउझरला आजची पानं दाखवता येतात. जुनी मशीनं जपणाऱ्यांना त्यात आनंद आहे, पण मध्यस्थापासून जुन्या मशीनपर्यंतचा रस्ता सुरक्षित नसतो, त्यामुळे पासवर्डासाठी तो उपयोगाचा नाही.

म्हणून मी सुचवेन ते असं. एक्सपी तसंच राहू द्या, पण नेटशिवाय. वाय-फाय बंद, केबल काढलेली. बाबांनी सकाळी बसावं, लिहावं. नवं लिखाण तरी युनिकोडमध्ये झालं तर पुढची सगळी कटकट वाचेल: एक्सपीच्या भाषेच्या सेटिंगमध्ये जटिल लिप्यांचा आधार सुरू केला की मराठी इनस्क्रिप्ट आणि मंगल फॉन्ट मिळतो. त्यासाठी एक्सपीची सीडी लागू शकते. बाबांना ती मांडणी जमत नसेल तर आग्रह सोडा. त्यांनी जुन्याच फॉन्टमध्ये लिहावं आणि युनिकोड करण्याचं काम तुम्ही आठवड्यातून एकदा करावं. फाइल पेन ड्राइव्हवर घ्यायची. तो ३२ जीबी किंवा त्याहून लहान आणि फॅट-३२ मध्ये असावा, कारण मोठे पेन ड्राइव्ह ज्या एक्सफॅट पद्धतीत येतात ती एक्सपीला वेगळी दुरुस्ती घातल्याशिवाय वाचता येत नाही. तिथून ओटीजीने (फोनला पेन ड्राइव्ह लावायचा छोटा जोड) फोनमध्ये आणि फोनवरून मासिकाला मेल. घरातल्या नव्या विंडोजशी थेट शेअरिंग जमत नाही ते एका अर्थी बरंच आहे. त्यासाठी लागणारी एसएमबी-१ ही पद्धत २०१७ पासूनच्या विंडोज १० मध्ये मुद्दाम बंद ठेवलेली आहे. ती चालू करू नका.

आणि बाबांनी खरंच विचारलं, “यावर मेल येईल का गं?”, तर? मग दुसरी डिस्क घ्या. जुनी आयडीई डिस्क किंवा आयडीईत बसणारी एसएसडी, कुठलीही. एक्सपीची मूळ डिस्क जपून ठेवायची आणि दुसरीवर हलकं ३२-बिट लिनक्स घालायचं. त्या एका स्क्रूमुळे अदलाबदल सहज होते. अँटिएक्स हे लिनक्स अशा मशीनसाठी मला सर्वांत योग्य वाटतं. डेबियन १२ या दुसऱ्या लिनक्सचंही ३२-बिट रूप आहे, त्याला २०२८ च्या जूनपर्यंत दीर्घकालीन आधार आहे; ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने मात्र ३२-बिट इन्स्टॉलर सोडून दिला. डेबियन घालताना प्रोसेसरमध्ये ‘पीएई’ ही सोय नाही अशी तक्रार आली तर सुरुवातीच्या ओळीत फोर्सपीएई (forcepae) हा पर्याय द्यायचा. हे प्रोसेसर ती सोय असूनही सांगत नाहीत. रॅम २ जीबीपर्यंत वाढवा, टी-४२ मध्ये तेवढीच मावते, आणि ती वाढवणं हा या मशीनवरचा सगळ्यात सार्थकी लागणारा खर्च आहे. मराठीसाठी आयबस या टायपिंगच्या साधनात इनस्क्रिप्ट आहे, उच्चारानुसार लिहिण्याची सोय आहे, गमभन या मराठी टायपिंगच्या साधनाची मांडणीही आहे. मेलसाठी ब्राउझरऐवजी क्लॉज मेलसारखं हलकं साधन वापरा.

अपेक्षा मात्र आधीच ठरवून घ्या. साधी मजकुराची पानं येतील, मेल येईल, लिहिता येईल. वर्तमानपत्रांची जाहिरातींनी भरलेली पानं रांगत उघडतील. कीर्तनाचे व्हिडिओ या प्रोसेसरवर अडखळतील. ती फोनवर किंवा टीव्हीवरच ऐकावीत. बँकेचं काम लिनक्सवरही इथे नको, कारण ब्राउझरच हात काढून घेत आहेत: क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं, फायरफॉक्सने १४५ व्या आवृत्तीपासून, म्हणजे नोव्हेंबर २०२५ मध्ये. दीर्घ आधाराची जुनी आवृत्ती थोडे दिवस चालेल, मग तीही थांबेल. म्हणजे हा लॅपटॉप नेटवर आणता येतो, पण तिथे फार काळ टिकवता येणार नाही. लिहिण्यासाठी मात्र त्याला अशी काही मुदत नाही.

भावाचं काय? त्याने नवा लॅपटॉप जरूर घ्यावा, पण ‘याच्याऐवजी’ म्हणून नको. तो घरात असेल तर जुन्या फाइली बदलायला, प्रती ठेवायला आणि मासिकांशी पत्रव्यवहार करायला तुम्हा दोघांनाही सोपं जाईल. बाबांच्या टेबलावर तो आणून ठेवायची गरज नाही. थिंकपॅडचा बोर्ड उद्या गेलाच, तर डिस्कची इमेज नव्या मशीनवर आभासी यंत्रात (कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला कॉम्प्युटर) चालवून त्यांचं ते ओळखीचं एक्सपी दाखवता येईल. डोंगलचं सॉफ्टवेअर तिथे बहुधा चालणार नाही, फाइली आणि फॉन्ट दिसतील.

ज्या वाचकांकडे याहून थोडा अलीकडचा, साधारण २००७ नंतरचा कोअर २ ड्युओचा लॅपटॉप पडून आहे, त्यांनी वरचं सगळं आपल्याला लागू धरू नये. ती मशीनं ६४-बिट आहेत. ४ जीबी रॅम आणि साध्या साटा एसएसडीवर डेबियन १३ चांगलं चालतं, चालू फायरफॉक्स मिळतं, वाय-फाय कार्ड रडलं तर यूएसबीचं छोटं अडॅप्टर लावता येतं. मेल, पेपर, अगदी बँकेचं कामही त्यावर करायला हरकत नाही. कुठलंही लिनक्स डिस्कवर घालण्याआधी पेन ड्राइव्हवरून लाइव्ह चालवून पाहा. आवाज, पडदा, वाय-फाय आणि मराठी टायपिंग या चार गोष्टी तिथे तपासा. एखादी चालत नसेल तर पेन ड्राइव्ह काढा आणि दुसरं लिनक्स घालून पाहा; डिस्कला तोवर हातही लागलेला नसतो.